सांडपाण्यातील रसायने आणि आपल्या ताटातील मासा
कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक : राइट टाउन, जबलपूर

मासा हे उत्तम अन्न आहे. त्यातून सहज पचणारी प्रथिने, ब-१२ व ड जीवनसत्त्वे, आयोडीन आणि मेंदूच्या वाढीस आवश्यक असणारी स्निग्धाम्ले मिळतात. गर्भवती स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि वृद्ध यांच्या आहारात माशाला म्हणूनच महत्त्वाचे स्थान आहे. मात्र मासा ज्या पाण्यात वाढतो, त्या पाण्याचे गुणदोषही तो आपल्या शरीरात साठवून ठेवतो. घरे, दवाखाने, कारखाने व शेती यांतून वाहून आलेली काही रसायने माशाच्या शरीरात हळूहळू साचतात आणि त्याच्यामार्फत आपल्यापर्यंत पोहोचतात.

ही रसायने डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत. तरीही मासे खाणे बंद करण्याचे कारण नाही. कोणता मासा, कोणत्या पाण्यातला, केवढा आणि कोणासाठी, या चार प्रश्नांचा विचार करून निवड केल्यास माशाचा लाभही मिळतो आणि धोकाही बराच कमी होतो.

सांडपाण्यात नेमके काय असते?

सांडपाणी म्हटले की मैला व दुर्गंधी आठवते. त्यातील सेंद्रिय घाण जिवाणूंमुळे कालांतराने कुजून नष्ट होते. पुढील पदार्थ मात्र लवकर नष्ट होत नाहीत, किंवा मुळीच होत नाहीत :

• जड धातू : पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम. फुटलेले तापमापक, ट्यूबलाइट, जुन्या बॅटऱ्या, रंग, धातूला मुलामा देणाऱ्या कार्यशाळा आणि गॅरेजमधील वापरलेले तेल हे त्यांचे नेहमीचे स्रोत आहेत. धातू हे मूलद्रव्य असल्याने ते कुजत नाही. त्याचे केवळ रूप व ठिकाण बदलते.
• चिवट सेंद्रिय रसायने : डीडीटीसारखी जुनी कीटकनाशके, विद्युत रोहित्रांत पूर्वी वापरली जाणारी तेले, तसेच पाणी व तेल न चिकटणारे लेप तयार करण्यासाठी वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त संयुगे. डीडीटीच्या शेतीतील वापरावर भारतात १९८९ सालीच बंदी आली. तथापि अशा रसायनांचे अंश गाळात दशकानुदशके टिकतात.
• औषधे व संप्रेरके : वेदनाशामके, प्रतिजैविके, गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरके. आपण घेतलेल्या औषधाचा काही भाग मलमूत्रावाटे बाहेर पडतो. मुदत संपलेल्या गोळ्या शौचकूपात टाकल्या, तर त्या संपूर्णच पाण्यात जातात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या नागरी भागांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष शुद्धीकरण केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरचे होत होते. म्हणजे दर १०० लिटरपैकी सुमारे ७२ लिटर पाणी शुद्ध न होताच ओढे, नाले, तळी व नद्यांत गेले. शुद्धीकरण केंद्रेही प्रामुख्याने सेंद्रिय घाण व गाळ काढण्यासाठी बांधलेली असतात. धातूंचा बराच भाग तेथील गाळात उतरतो. काही औषधे मात्र जवळजवळ जशीच्या तशी पुढे जातात.

राइट टाउनमधील पाणी कोठे जाते?

आपल्या न्हाणीघरातून व स्वयंपाकघरातून निघालेले पाणी मोरीत दिसेनासे झाले, म्हणजे संपले असे नाही. जबलपूरच्या मध्यवस्तीतील पावसाचे व गटारांचे पाणी वाहून नेण्याचे काम ओमती नाला, मोती नाला यांसारखे नाले करतात. शहराच्या उत्तरेकडील उताराचे पाणी परियट आणि हिरन या नद्यांच्या वाटेने, तर दक्षिणेकडील उताराचे पाणी थेट, अखेर नर्मदेलाच मिळते. परियट नदीकाठी असलेल्या दुग्धशाळांच्या सांडपाण्याची भर वाटेत पडते. राणीताल, हनुमानताल, आधारताल यांसारख्या जुन्या तळ्यांची स्थिती निराळी आहे. नदीचे पाणी वाहते, तळ्याचे साचते. त्यामुळे तळ्यात शिरलेले धातू तळाच्या गाळातच मुक्काम करतात.

नर्मदेच्या प्रवाहाचा क्रम लक्षात ठेवणे उपयुक्त आहे. बरगी धरण शहराच्या वरच्या बाजूस आहे. ग्वारीघाट, तिलवाराघाट आणि भेडाघाट त्याच्या खाली क्रमाने येतात. बरगीच्या जलाशयातील माशाचा शहराच्या सांडपाण्याशी संबंध आलेला नसतो. नाल्यांच्या मुखाजवळ किंवा त्यांच्या खालच्या बाजूस पकडलेल्या माशाबद्दल तसे म्हणता येत नाही.

पाण्यातून माशात : साठवणीचा पहिला टप्पा

मासा श्वासोच्छ्वासासाठी दिवसभर कल्ल्यांवरून पाणी वाहू देतो. या पाण्यातील विरघळलेली रसायने कल्ल्यांच्या नाजूक पडद्यातून रक्तात शिरतात. अन्नाबरोबर व गाळाबरोबर आणखी काही पोटात जातात. आत येण्याचा वेग बाहेर टाकण्याच्या वेगाहून अधिक असेल, तर रसायन शरीरात साचत जाते. यालाच जैवसंचय म्हणतात. जितका मासा वयाने मोठा, तितका साठा अधिक.

प्रत्येक रसायनाची साठवणीची जागा ठरलेली असते, आणि स्वयंपाकघरात काय काढून टाकावे हे त्यावरूनच कळते :

• डीडीटीसारखी चिवट सेंद्रिय रसायने चरबीत साठतात. म्हणजे कातडीखाली, पोटाकडील मऊ भागात आणि यकृतात.
• कॅडमियम मुख्यतः यकृतात व मूत्रपिंडात साठते.
• शिसे हाडे, कल्ले व खवले यांत अधिक आढळते.
• पाऱ्याचे सेंद्रिय रूप, म्हणजे मिथाइल पारा, प्रथिनांना घट्ट चिकटते. म्हणून तो थेट मांसात, आपण खातो त्याच तुकड्यात असतो.

लहान माशातून मोठ्या माशात : दुसरा टप्पा

पाण्यात मिसळलेला पारा सुरुवातीस साध्या रूपात असतो. तळाच्या प्राणवायूरहित गाळातील काही जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो सूक्ष्म शेवाळात शिरतो. शेवाळ सूक्ष्म जीव खातात, सूक्ष्म जीवांना लहान मासे आणि लहान माशांना शिकारी मासे खातात. शिकारी माशाच्या शरीराचे एक किलो वजन वाढण्यासाठी त्याला कित्येक किलो लहान मासे खावे लागतात. त्या अन्नातील ऊर्जा खर्च होते. मिथाइल पारा मात्र बव्हंशी तसाच मागे राहतो. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. या क्रियेला जैव-आवर्धन म्हणतात.

परिणामी मोठ्या शिकारी माशातील मिथाइल पाऱ्याचे प्रमाण आसपासच्या पाण्यातील प्रमाणाच्या दहा लाख पटींहूनही अधिक असू शकते. ‘पाण्याची तपासणी झाली, पाणी ठीक आहे’ एवढ्यावरून मासाही ठीक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, तो यामुळेच.

शिसे व कॅडमियम पाऱ्यासारखे प्रत्येक पायरीवर वाढत जात नाहीत. परंतु दूषित गाळात वावरणारा लहान मासाही त्यांचा साठा करतो, आणि असा मासा आपण काट्यांसह व पोटासह खाल्ला, तर तो साठा पूर्णच पोटात जातो. म्हणून ‘लहान मासा सुरक्षित’ हा नियम स्वच्छ पाण्यातील माशापुरताच खरा आहे. नाल्यातील माशाला तो लागू नाही.

जगाने घेतलेला धडा

जपानमधील मिनामाता या किनारी नगरातील एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी १९३२ ते १९६८ या काळात उपसागरात सोडले जात होते. तेथील कोळी कुटुंबांचे रोजचे अन्न मासे व शिंपले हेच होते. माणसांपूर्वी मांजरे विचित्र वागू लागली व मरू लागली. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, दृष्टीचा आवाका आक्रसणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे होती. सर्वांत दुःखद बाब पुढे उघड झाली : ज्या मातांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नव्हता, अशांच्याही पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली बालके जन्मली. मिथाइल पारा वार ओलांडून गर्भाच्या वाढत्या मेंदूत पोहोचतो, हे त्यावरून जगाला कळले. याच नगराच्या नावाने २०१३ साली पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ साली भारताने त्यास मान्यता दिली.

मिनामाता येथील प्रमाण असाधारण होते. आपल्या ताटातील माशाशी त्याची बरोबरी करू नये. शिकण्यासारखे आहे ते हे की धोका गर्भाला सर्वांत आधी व सर्वांत जास्त असतो.

दुसरे उदाहरण दिलासा देणारे आहे. कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरक अत्यल्प प्रमाणात, लिटरमागे ग्रॅमच्या अब्जांशाच्या ५ ते ६ पट एवढेच, मिसळले. नर माशांत मादीची लक्षणे दिसू लागली आणि तेथील एक लहान मासा जवळजवळ नामशेष झाला. संप्रेरक मिसळणे थांबवल्यानंतर काही वर्षांनी त्या माशांची संख्या पुन्हा सावरली. स्रोत बंद केला, तर पाणी व त्यातील जीव सावरू शकतात.

किती मासा म्हणजे किती पारा? एक सोपा हिशेब

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पाऱ्याची कमाल मर्यादा सामान्य माशासाठी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आणि शिकारी माशासाठी १ मिलिग्रॅम ठेवली आहे. दुसऱ्या बाजूस जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्याचे सह्य साप्ताहिक प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम असे सुचवले आहे.

या दोन आकड्यांचा मेळ घालून पाहू. ६० किलो वजनाच्या स्त्रीसाठी आठवड्याचे सह्य प्रमाण ९६ मायक्रोग्रॅम होते. मासा बरोबर ०.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर असेल, तर त्याच्या १०० ग्रॅममध्ये ५० मायक्रोग्रॅम पारा असतो. म्हणजे आठवड्याला सुमारे १९० ग्रॅम मासा खाल्ल्यावर तिचे प्रमाण पूर्ण होते. १५ किलो वजनाच्या मुलासाठी हाच आकडा सुमारे ४८ ग्रॅम येतो. एखादा लहान तुकडाच. याउलट ज्या माशात पाऱ्याचे प्रमाण याच्या दशांश, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम असेल, तो मासा ती स्त्री आठवड्याला १ किलो ९०० ग्रॅम खाईपर्यंत मर्यादा गाठली जात नाही.

दोन गोष्टी यावरून स्पष्ट होतात. कायद्याच्या मर्यादेत बसणारा मासा कितीही खावा असा अर्थ होत नाही. आणि माशाची जात बदलली, तर त्याच थाळीतील धोका दहापटीने कमी होऊ शकतो.

शरीरावर होणारे परिणाम

• गर्भ व बालके : मिथाइल पाऱ्यामुळे मेंदूच्या वाढीवर, स्मरण, भाषा व हालचालींतील सफाई यांवर परिणाम होऊ शकतो. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही.
• प्रौढ : पाऱ्याचा परिणाम मज्जासंस्थेवर, तर कॅडमियमचा मूत्रपिंडे व हाडांवर होतो. मूत्रपिंडातील कॅडमियम निम्म्यावर येण्यास १० ते ३० वर्षे लागतात.
• प्रतिजैविकांचे अंश : दूषित पाण्यात औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढण्यास त्यांमुळे वाव मिळतो.

शरीरातील मिथाइल पारा निम्म्यावर येण्यास सुमारे ५० दिवस लागतात. म्हणून गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी दिवस राहण्याची वाट न पाहता काही महिने आधीपासूनच माशांची योग्य निवड सुरू करावी.

मासे घेताना

१. ‘हा मासा कुठला?’ हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. बरगीसारख्या शहराच्या वरच्या बाजूच्या जलाशयातील किंवा स्वच्छ पाणी वापरणाऱ्या शेततळ्यातील मासा पसंत करावा. नाल्यातील, नाल्याच्या मुखाजवळील व शहरातील साचलेल्या तळ्यांतील मासा टाळावा. पहिल्या पावसानंतर नाल्याच्या पाण्यात मुले मासे पकडतात. ते मासे घरी शिजवू नयेत.

२. रोहू शेवाळ व वनस्पती, तर कटला पाण्यातील सूक्ष्म जीव खाऊन वाढतो. मध्यम आकाराचे हे मासे पाऱ्याच्या दृष्टीने चांगली निवड आहेत. मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे तो कोणत्या पाण्यातला आहे, हे अधिक काळजीने पाहावे. पढिन, मरळ यांसारखे शिकारी मासे क्वचित व कमी प्रमाणात खावेत.

३. मांगूर हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून प्राणवायू नसलेल्या घाण पाण्यातही तो तगतो. मासा जिवंत व तडफदार आहे, हा पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे. थाई मांगूरच्या संवर्धनावर भारतात बंदी आहे. तो विकत घेऊ नये.

४. बर्फातून येणाऱ्या समुद्री माशांपैकी बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान मासे उत्तम. मुशी, कुपा व मोठी सुरमई हे शिकारी मासे गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांना देणे टाळावे.

५. पाण्यावर मरून तरंगणारे मासे फुकट मिळाले तरी आणू नयेत.

६. आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक वेळी १०० ते १२५ ग्रॅम, हे प्रौढांसाठी व गर्भवती स्त्रियांसाठी योग्य प्रमाण आहे. मुलांना वयानुसार कमी द्यावा. दर वेळी एकच मासा न घेता जाती बदलत राहाव्यात.

स्वयंपाकघरात

डोके, कल्ले, आतडी, यकृत व पोटाकडील चरबी काढून टाकावी. मासा मोठा व चरबीयुक्त असल्यास कातडीही काढावी. चरबीत साठणारी रसायने त्यामुळे कमी होतात. भाजताना गळणारी चरबी रश्शात वापरू नये. पाऱ्याच्या बाबतीत मात्र यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. हळद, मीठ, चिंच, आमसूल, लिंबू लावून ठेवल्याने मासा रुचकर होतो, त्याचा वास जातो. पारा जात नाही. उकळणे, तळणे, वाळवणे यांनीही तो जात नाही. पाऱ्यापासूनचे संरक्षण बाजारातील निवडीतच आहे.

आपल्या घरातून नाल्यात काय जाऊ नये

• मुदत संपलेली औषधे : वेष्टनावर किंवा औषधविक्रेत्याने वेगळी सूचना दिली नसेल, तर शौचकूपात वा मोरीत टाकू नयेत.
• फुटलेला तापमापक, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, बॅटऱ्या, रंगांचे व कीटकनाशकांचे डबे : हा घरगुती घातक कचरा आहे. तो वेगळा बांधून कचरागाडीत ‘घातक’ असे सांगून द्यावा. सांडलेला पारा हाताने उचलू नये, झाडूने झाडू नये. जाड कागदाने एकत्र करून झाकणाच्या बाटलीत बंद करावा.
• गाडीचे वापरलेले तेल : गॅरेजमध्येच परत द्यावे, गटारात ओतू नये.
• गणेशमूर्ती : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली प्रसिद्ध केली व २०२० साली त्यांत सुधारणा केली. रासायनिक रंगांतून जड धातू पाण्यात उतरतात. शाडूची, नैसर्गिक रंगांची मूर्ती आणावी आणि विसर्जन कुंडात किंवा घरी बादलीत करावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मी गर्भवती आहे आणि आजवर सर्व प्रकारचे मासे खात आले. आता काय करावे?*
घाबरू नये. एखाद्या वेळच्या जेवणाने नव्हे, तर दीर्घकाळच्या सेवनाने साठा वाढतो. आजपासून वरीलप्रमाणे निवड करावी व तपासणीच्या वेळी डॉक्टरांना किंवा परिचारिकेला सांगावे. मासे पूर्ण बंद केल्यास बाळ पोषणास मुकते.

*बाळाला अंगावर पाजणे थांबवावे का?*
नाही. स्तनपानाचे लाभ फार मोठे आहेत. मातेने माशांची निवड बदलावी.

*शरीर ‘शुद्ध’ करणारी औषधे घ्यावीत का?*
स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. धातू बाहेर काढणारी औषधे मूत्रपिंडास इजा करू शकतात. ती केवळ तपासणीनंतर व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली जातात.

*डॉक्टरांकडे केव्हा जावे?*
हातापायांना किंवा ओठांभोवती सतत मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, बाजूचे नीट न दिसणे, हातांना कंप सुटणे, अथवा मुलाची बोलण्या-चालण्यातील प्रगती मागे पडणे. ही लक्षणे इतर अनेक आजारांतही दिसतात. म्हणून अंदाज न बांधता तपासणी करून घ्यावी. आपण कोणता मासा, कुठला आणि आठवड्यातून किती वेळा खाता, ही माहिती सोबत लिहून न्यावी. निदानास तिची मोठी मदत होते.

*तक्रार कोठे करावी?*
नाल्यात रसायने सोडली जात असल्याचे किंवा मासे मोठ्या संख्येने मेल्याचे आढळल्यास मध्य प्रदेश शासनाच्या १८१ या हेल्पलाइनवर कळवावे. विक्रीतील माशाबद्दल शंका असल्यास जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. ठिकाण, दिवस व वेळ नक्की सांगावी.

थोडक्यात

मासे खावेत, पण लहान व मध्यम, शाकाहारी जातीचे, स्वच्छ पाण्यातले आणि आलटून पालटून. नाल्यातला मासा कोणत्याही प्रकारे शिजवून सुरक्षित होत नाही. गर्भवती स्त्रिया व मुलांच्या थाळीची काळजी सर्वांत आधी घ्यावी. आपल्या मोरीतून जे वाहून जाते, त्याचा काही अंश माशाच्या वाटेने कोणाच्या तरी ताटात परत येतो. तो आपल्या घरापुरता आजपासूनच थांबवता येतो.